व्हाइटनरखालचा ‘नको’

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावजयीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तांदळाच्या डब्यामागून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. आत अण्णांचं लिव्हिंग विल होतं, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. नोटरीचा शिक्का असलेली मूळ प्रत आणि तिची एक झेरॉक्स.

हाच कागद मी डिसेंबरमध्ये तीन दिवस शोधला होता. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरातलं गोदरेजचं कपाट, देवघराचे खण, अण्णांची पेन्शनची फाइल, सगळं उपसून झालं होतं. धाकट्या भावाला मी आयसीयूच्या बाहेर विचारलंही होतं. तो म्हणाला, “नाही गं ताई, अण्णांनीच फाडून टाकला असेल.”

मूळ प्रत जशीच्या तशी होती. झेरॉक्सच्या दुसऱ्या पानावर मात्र व्हाइटनर लावलेला होता. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचं अक्षर छापल्यासारखं, प्रत्येक वेलांटी मापात. त्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मेंदूला कायमची इजा झाली असून मी शुद्धीवर येण्याची आशा नाही असे डॉक्टरांचे मत झाल्यास मला व्हेंटिलेटर नको. लावला असल्यास काढावा.’ झेरॉक्सवर ‘नको’पासून पुढे पांढरा पट्टा होता, आणि त्याच्यावर पेनाने, अण्णांच्या वळणाची नक्कल करत, ‘ला’ एवढंच एक अक्षर. ‘लावावा’ लिहायचं असणार. एका अक्षरानंतर हात थांबला होता.

अण्णा २३ दिवस व्हेंटिलेटरवर होते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. पाचव्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला दोघांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे परत येणार नाहीत. त्यानंतर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. पाठीला जखमा झाल्या. सकाळच्या भेटीच्या वेळी मी त्यांच्या हाताला खोबरेल तेल लावायचे, तेव्हा हात उबदार असायचा आणि त्या उबेने मी दिवसभर स्वतःची समजूत घालायचे. हे सगळं त्यांनी दीड वर्ष आधी, स्वच्छ अक्षरात, नको म्हणून सांगून ठेवलं होतं.

त्यांनी कागद केला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात लिव्हिंग विलला मान्यता दिली होती, पण तेव्हाच्या अटीप्रमाणे त्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, आणि त्या भानगडीत कोण पडणार म्हणून अण्णा थांबले होते. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती अट काढली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती साक्षांकित करून घ्यायची, एवढंच उरलं. ती बातमी अण्णांनी कापून ठेवली होती. त्यांच्या मनात अरुणा शानबाग होत्या. केईएमच्या त्या नर्स नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, एका खाटेवर होत्या. परळला कामासाठी गेले की अण्णा तिथून जाताना गप्प होत, असं आई सांगते.

कोर्ट नाक्यावर नोटरी झाली, दोन शेजारी साक्षीला आले, घरी येऊन आम्ही चहा प्यायलो. निकालात पुढची एक पायरी आहे: कागदाची एक प्रत महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची आणि तिथे ती जपणारा कस्टोडियन नेमलेला असतो. फॅमिली डॉक्टरांनाही एक प्रत द्यायची. अण्णा म्हणाले, “हे कधी द्यायचं?” मी म्हटलं, “पावसाळा संपू दे, मग जाऊ.” ते राहून गेलं. ही चूक माझी होती, आणि त्यामुळेच जगातल्या दोन्ही प्रती एकाच कपाटात राहिल्या.

पिशवी घेऊन मी घरी आले तेव्हा मला राग इतका होता की धाकट्याशी बोलायच्या आधी मी हॉस्पिटलला अर्ज केला. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितली तर आंतररुग्ण विभागाची कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात, असा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत नियम आहे. मुदतीत प्रती मिळाल्या. दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत डॉक्टरांनी विचारलेलं होतं की आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल, केलेला आहे का, आणि पुढे इंग्रजीत उत्तर होतं की मुलाच्या सांगण्यानुसार नाही. खाली धाकट्याची सही. लहानपणी त्याला ती सही मीच शिकवली होती, आडनावाखाली रेघ मारायची ती.

त्याला मी तलावपाळीवर बोलावलं. घरी आईसमोर बोलता आलं नसतं. पिशवी बाकावर ठेवली, त्याने बघितली आणि नाकारलं नाही. बराच वेळाने म्हणाला, “त्यात नाव कुणाचं होतं, ताई? माझं. डॉक्टरांनी काढायचं ठरवलं असतं तर संमती मी द्यायची होती. मला नाही जमलं.”

हे खरं होतं. लिव्हिंग विलमध्ये आपण ज्याचं नाव घालतो, त्या पालकाची किंवा जवळच्या नातेवाइकाची संमती डॉक्टर घेतात. अण्णांनी एकच नाव घातलं होतं, मुलाचं, कारण त्यांच्या पिढीला तेच सुचतं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तेव्हा काही बोलले नव्हते. धाकट्याने सांगितलं की तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा विचारतील म्हणून त्याने बदललेली झेरॉक्स दाखवायचं ठरवलं, व्हाइटनर लावला, एक अक्षर लिहिलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडला. कागद फाडायची हिंमत झाली नाही. दाखवायचीही झाली नाही.

मी त्याला तिथेच सोडून निघून आले. माफ वगैरे काही केलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी कोर्ट नाक्यावर एका वकीलबाईंकडे गेले. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की हा गुन्हा आहे का आणि असेल तर केवढा. त्यांनी दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरून बघितले. मग म्हणाल्या, “आधी हे समजून घ्या की लिव्हिंग विलसाठी आपल्याकडे संसदेने वेगळा कायदा अजून केलेला नाही. जे आहे ते कोर्टाच्या निकालातून आलेलं आहे. त्यामुळे लिव्हिंग विलमध्ये फेरफार केला तर अमुक शिक्षा, असं एक कलम कुठे सापडणार नाही. भारतीय न्याय संहितेतली नेहमीची कलमं लावायची.”

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी ही न्याय संहिता आली, आणि आमचा प्रसंग त्यानंतरचा. बाई बोलत गेल्या आणि मी शाळेत घेतल्यासारखं वहीत उतरवून घेतलं. ३३ वर्षं शिकवल्यावर ती सवय जात नाही. कलम ३३५ प्रमाणे, तयार झालेल्या दस्तऐवजातला महत्त्वाचा भाग कुणी अधिकार नसताना, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने, खोडून वा बदलून टाकला तर तो खोटा दस्तऐवज होतो. ३३६ मध्ये बनावटीकरणाला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. फसवणुकीच्या हेतूने केलं असेल तर सात वर्षांपर्यंत. ३४० म्हणतं की बनावट कागद खरा म्हणून वापरणाऱ्यालाही बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. आणि कागद पालिकेच्या नोंदीत गेल्यावर कुणी सरकारी नोंदवहीचंच बनावटीकरण केलं तर ३३७ खाली सात वर्षांपर्यंत.

“पण याने दाखवलाच नाही,” मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, “तेच तर. आणि यात ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द आहे. कायद्यात त्याचा अर्थ गैरमार्गाने मालमत्तेचा लाभ करून घेणं किंवा कुणाचं तसं नुकसान करणं. तुमच्या भावाला यात काय मिळालं?” काही नाही. उलट हॉस्पिटलचं निम्मं बिल त्याने भरलं होतं.

मग मी मृत्युपत्राचं विचारलं, कारण मृत्युपत्र नष्ट करणाऱ्याला जन्मठेप होऊ शकते असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं आहे. मृत्युपत्राच्या बनावटीकरणाला कलम ३३८ खाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते कपटाने रद्द करणं, नष्ट करणं, विद्रूप करणं किंवा दडवून ठेवणं याला कलम ३४३ खाली जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. पण बाईंनी इथे मला थांबवलं. ही कलमं मृत्युपत्राबद्दल आहेत, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं काय करायचं ते सांगणाऱ्या कागदाबद्दल. लिव्हिंग विलच्या नावात ‘विल’ असलं तरी ते माणूस जिवंत असतानाच्या उपचारांबद्दल बोलतं. “कोर्टात यावर वाद घालता येईल,” त्या म्हणाल्या, “पण यावर जन्मठेप होते असं मी तुम्हाला सांगितलं तर ती मीच तुमची फसवणूक केल्यासारखं होईल.” त्यांचं हे वाक्य मला फार आवडलं. लोकांना घाबरवायला मोठे आकडे फेकणारे पुष्कळ असतात.

कागद पुरावा म्हणून न्यायालयापुढे येऊ नये यासाठी दडवला तर कलम २४१ आहे, तीन वर्षांपर्यंत. आमच्याकडे कोर्टाचा काही संबंधच आलेला नव्हता.

उलट प्रसंगाबद्दलही मी विचारलं. एखाद्याने जगायची इच्छा असलेल्या माणसाच्या नावाने खोटा कागद केला, उपचार बंद करा असा, आणि त्यावरून तो माणूस गेला तर? बाईंचा आवाज बदलला. “मग बनावटीकरण हे त्या फाइलमधलं सगळ्यात लहान कलम असेल. हेतू सिद्ध झाला तर सदोष मनुष्यवध, किंवा खूनच.”

मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने तिथला कायदा काढून वाचून दाखवला. त्यांच्या प्रोबेट कोडमध्ये यासाठी स्वतंत्र कलमच आहे, ४७४३. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध जीवरक्षक उपचार थांबावेत या हेतूने कुणी निर्देश बदलला, बनावट केला, किंवा तो रद्द केल्याचं ठाऊक असून लपवलं, आणि त्यामुळे मृत्यू लवकर ओढवला, तर मनुष्यवधाचा खटला चालू शकतो. त्याच्या आधीच्या कलमात कागद खोटा करणाऱ्याकडून, लपवणाऱ्याकडून किंवा विद्रूप करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्कही आहे. म्हणजे धाकट्यासारख्यासाठी तिथे एक सरळ उत्तर आहे, पैशाचं. आपल्याकडेही कागद लपवण्याबद्दल असं स्पष्ट काहीतरी असायला हवं, असं मला आजही वाटतं. शिक्षा लहान असली तरी चालेल. हा कागद म्हणजे माणसाचा शेवटचा शब्द आहे, तो दाबणं चूक आहे, एवढं कायद्याच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असावं.

वकीलबाईंनी शेवटी विचारलं, “तक्रार द्यायची आहे का?” मी नाही म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, “मग स्वतःचा करा. आणि असा करा की कुणी लपवला तरी उपयोग होऊ नये.”

मी अविवाहित, घरात आता आई आणि मी. आई ७९ वर्षांची. तिला विचारलं तर लगेच म्हणाली, “दोघींचा करू.” मग पुढचे तीन आठवडे आम्ही त्याच कामात होतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काय लिहायचं ते ठरवण्यात. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दोन संध्याकाळी दिल्या. त्यांनी एकेक शब्द सोडवून सांगितला, की छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणं म्हणजे म्हातारपणी बरगड्यांचं काय होतं, डायलिसिस तात्पुरतं कधी आणि कायमचं कधी, व्हेंटिलेटर न्यूमोनियासाठी आठवडाभर लावणं आणि मेंदू गेल्यावर लावणं यात किती फरक आहे. निर्देश संदिग्ध असेल तर डॉक्टरांचं मंडळ तो अमलात आणू शकत नाही, म्हणून ‘मला त्रास नको’ असली मोघम वाक्यं त्यांनी खोडायला लावली. आईची वाक्यं मात्र आधीपासून तयार होती. “पाय गेले, पण डोकं चालतंय, तर सगळे उपचार करा. मला नातवंडांची लग्नं बघायची आहेत. मी कुणाला ओळखेनाशी झाले आणि परत ओळखणार नाही असं ठरलं, तर नाकातून नळी नको. चमच्याने पाणी द्या, गिळलं तर गिळलं.” हे मी तिच्याच शब्दांत ठेवलं आणि खाली डॉक्टरांच्या भाषेत लिहिलं. वेदना कमी करणारी औषधं शेवटपर्यंत द्यावीत, हेही. इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे आजही गुन्हा आहे आणि आमच्या कागदात तसलं काही मागितलेलं नाही, हे आईच्या बहिणीला मला चारदा सांगावं लागलं.

नावांवर मी अडले. २०२३ च्या निकालाप्रमाणे एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. पहिल्यांदा मी फक्त पुतणीचं घातलं. ती २६ वर्षांची, शांत डोक्याची. कागद आठवडाभर तसाच ठेवला. मग आईने विचारलं, “त्याचं का नाही?” मी काही उत्तर दिलं नाही. पण अण्णांच्या कागदात एकट्याचं नाव होतं आणि ते एकट्याला पेललं नाही, हे मला दिसत होतं. आता पुतणीला एकटीला तिथे उभं करून मी तेच पुन्हा करत होते. शेवटी दोन्ही कागदांत दोघांची नावं घातली. आधी धाकट्याला फोन केला. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, “घाल.”

फेरफार होऊ नये म्हणून वकीलबाईंनी जे करून घेतलं ते मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. प्रत्येक पानावर सही आणि ‘४ पैकी पान २’ असा आकडा. वाक्याखाली मोकळी जागा राहिली तर तिथे आडवी रेघ. पेनाने एकही दुरुस्ती नाही, चूक झाली तर पान पुन्हा छापायचं. हा कागद मी कधीही लेखी रद्द करू शकते, असं वाक्य, कारण ते असावंच लागतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे कागदाच्या शेवटीच त्याच्या प्रती कुणाकुणाकडे आहेत याची यादी. म्हणजे एक प्रत दडवणाऱ्याला तीच वाचताना कळतं की आणखी चार आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प झाला, तो घेतला. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकू आणि माझ्या शाळेतल्या एक निवृत्त बाई आल्या. ज्यांना आमच्या घरातून काही मिळणार नाही अशाच निवडल्या, कारण साक्षीदार शक्यतो स्वतंत्र असावेत असं निकालात आहे. नोटरींनी आईला मुद्दाम मोठ्याने विचारलं, “आजी, कुणी जबरदस्ती केली नाही ना?” आई म्हणाली, “मीच हिला घेऊन आलेय.”

पालिकेच्या कार्यालयात दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला आरोग्य विभागातल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही कागदांची चारचार पानं वाचली, दोन्ही प्रती ठेवून घेतल्या आणि आमच्या प्रतींवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून दिला. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी कस्टोडियनच्या नेमणुकांसाठी उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला, त्यानंतर या खिडक्या खऱ्या अर्थाने उघडल्या. त्या शिक्क्याचं मोल मला माहीत होतं. उद्या मी आयसीयूत असले तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माझा कागद खरा आहे का हे डिजिटल आरोग्य नोंदीतून किंवा कस्टोडियनकडून पडताळून बघायचं आहे. मग उपचार थांबवायचे का हे ठरवणारं डॉक्टरांचं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं, हे सगळं त्याच्या पुढे. अण्णांच्या वेळी ही पडताळणी करायला कुठेच काही नव्हतं. एक मुलगा होता आणि त्याचं ‘नाही’ होतं.

धाकट्याची प्रत द्यायला मी स्वतः घोडबंदर रोडला गेले. टपालाने पाठवता आली असती. त्याने ती जेवणाच्या टेबलावर ठेवून चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. आईच्या कागदातल्या चमच्याच्या वाक्यापाशी थांबला, पुन्हा वाचलं. मग शेवटच्या पानावरची यादी बोटाने मोजली. अण्णांची पिशवी मी माझ्या कपाटात ठेवली आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. ती टाकू नकोस, म्हणाला.

मी कॅडबरी जंक्शनपर्यंत पोचले असेन तेव्हा फोन वाजला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने आठही पानांचे फोटो टाकले होते, ओळीने, सरळ, एकही कडा कापली न जाता. खाली लिहिलं होतं: ‘आईचं आणि ताईचं. माझ्याकडच्या प्रती हॉलच्या कपाटात, वरून दुसरा खण, हिरवी फाइल. कुलूप नाही.’